‘उतरणे’, ‘टिकणे’ आणि ‘राखणे’ : वजनविषयक गद्याची एक चिकित्सा

वजन कमी करण्याच्या औषधांसंबंधीचे लेखन हा वैद्यकाचा विषय, भाषाभ्यासकाचा नव्हे, अशी समजूत असणे स्वाभाविक आहे. परंतु ते लेखन शेवटी गद्यच होय. त्याला काळ आहे, कर्ता आहे, क्रियापद आहे. आणि कोणते क्रियापद वापरले ह्यावर रुग्णाने स्वतःला दोषी मानावे की नाही, हे पुष्कळदा ठरते. गेल्या सुमारे दीडशे वर्षांत ह्या विषयावर जे लिहिले गेले त्यात एक गोष्ट सातत्याने आढळते : वजन घटते कसे, हे सांगण्यासाठी भाषेजवळ शब्दांचा तोटा नाही, घटलेले वजन पुढे राहते कसे, हे सांगण्याची वेळ आली की वाक्य अडखळते. ह्या अडखळण्याचा शोध घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी १८६३ मधील एक पत्रक, १९५९ मधील एक शोधनिबंध आणि २०२१ नंतरचे काही चाचणी-अहवाल विचारात घेतले असून औषधांची नावे आणि मराठीतील रूढ शब्दप्रयोग ह्यांचाही आधार घेतला आहे.

आरंभ मराठीपासूनच करणे इष्ट. ‘वजन’ हा शब्द अरबीतून फारसीच्या द्वारा आलेला आणि मुळात तराजूशी निगडित. शरीराविषयी बोलताना मराठी माणूस पूर्वापार ‘अंग’ म्हणे : अंगाने भरला, अंग धरले, अंग झडले. कृश होण्याची क्रियापदे पाहावीत. रोडावणे, वाळणे, हडकणे, खंगणे ही सर्व अकर्मक आहेत, आणि बहुतेकांना आजाराची वा काळजीची छटा आहे. कोणी स्वतःला ‘खंगवीत’ नाही, माणूस खंगतो. बुद्धिपुरस्सर, चांगल्या हेतूने बारीक होणे ही कल्पनाच नवी असल्यामुळे तिच्यासाठी भाषेला दुसरीकडून क्रियापद आणावे लागले, आणि ते ‘उतरणे’ हे आणले गेले.

हे क्रियापद दिसते तितके निरुपद्रवी नाही. मराठीत उतरते काय? ताप उतरतो, सूज उतरते, नशा उतरते, नदीचा पूर उतरतो, बाजारभाव उतरतात. ह्या सर्वांना समान असे एक गृहीत आहे : ती गोष्ट आधी काही कारणाने चढलेली होती आणि तिची स्वाभाविक पातळी खालची आहे. उतरणे म्हणजे मूळपदावर येणे. ताप उतरला की काम संपले. उतरलेला ताप उतरलेलाच राहावा म्हणून कोणी रोज खटपट करीत नाही. ‘वजन उतरले’ असे म्हणताना हेच गृहीत नकळत शरीरावर लादले जाते. वाढलेले वजन हा जणू एक चढ होता, तो ओसरला, आणि आता शरीर आपल्या जागी परत आले.

शरीरशास्त्राचा निष्कर्ष नेमका उलटा आहे. १९९५ मध्ये लीबेल, रोझेनबॉम आणि हर्श ह्यांनी दाखवून दिले की शरीराचे वजन दहा टक्क्यांनी खाली आणून तेथेच ठेवले असता शरीराचा एकूण ऊर्जाव्यय, केवळ घटलेल्या वजनामुळे व्हावा त्यापेक्षाही अधिक, कमी होतो. शरीर काटकसर करू लागते. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील सुमित्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आहारनियंत्रणाने वजन घटवलेल्या पन्नास व्यक्तींच्या रक्तातील भूकविषयक संप्रेरके तपासली. लेप्टिन खाली गेले होते, घ्रेलिन वर गेले होते. आणि वर्ष उलटून गेल्यावरही ती मूळ पातळीवर आली नव्हती, भूकही वाढलेलीच होती. अमेरिकेतील दूरचित्रवाणीवरील एका वजन घटवण्याच्या स्पर्धेत भाग घेतलेल्या चौदा स्पर्धकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. स्पर्धेच्या अखेरीस त्यांचे सरासरी ५८ किलो वजन घटले होते. सहा वर्षांनंतर त्यांपैकी सुमारे ४१ किलो परत आले होते, आणि तरीही त्यांच्या विश्रांतिकालीन चयापचयाचा वेग अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरींनी कमीच होता. शरीर ज्याला आपली पातळी मानते ती वरची आहे. खालची पातळी हीच त्याच्या दृष्टीने चढण. तेव्हा रूपक उलटे करून ‘वजन उतरवून माणूस चढावर उभा राहतो’ असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल, जरी ते कानाला चमत्कारिक वाटले तरी.

आता १८६३ च्या पत्रकाकडे वळू. विल्यम बॅंटिंग हा लंडनचा अंत्यविधीची व्यवस्था करणारा एक प्रतिष्ठित व्यावसायिक. १८६२ च्या ऑगस्टमध्ये त्याचे वय पासष्ट वर्षे, उंची पाच फूट पाच इंच आणि वजन २०२ पौंड होते. विल्यम हार्वी ह्या कानाच्या वैद्याने त्याला पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे वर्ज्य करावयास सांगितले. सुमारे वर्षभरात त्याचे ४६ पौंड वजन कमी झाले आणि त्याने स्वखर्चाने स्थूलतेविषयीचे एक पत्र जनतेला उद्देशून छापले. त्याचा प्रसार इतका झाला की इंग्रजीत त्याच्या आडनावाचे क्रियापद झाले. आडनावातील अंत्य ‘-इंग’ हा धातुसाधिताचा प्रत्यय आहे असे समजून लोकांनी तो काढून टाकला आणि ‘बॅंट’ असा धातू घडवला. प्रतिगामी शब्दसिद्धीचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळते. इंग्रजीत तो धातू आज मागे पडला असला तरी स्वीडिश भाषेत ‘बांटा’ हाच आहारनियंत्रणाने बारीक होण्याचा नित्याचा शब्द आहे.

बॅंटिंगच्या पत्राचा जो गुण समीक्षकांनी फारसा लक्षात घेतलेला नाही तो त्याच्या काळयोजनेत आहे. न्याहारीला, दुपारच्या जेवणाला, चहाला, रात्री आपण काय घेतो ह्याची यादी तो देतो, आणि ती यादी वर्तमानकाळात आहे. ‘घेतले’ नव्हे, ‘घेतो’. मराठी व्याकरणाच्या परिभाषेत हा रीतिवर्तमान होय : आजही चालू असलेली, उद्याही चालणारी कृती. वजन किती घटले हे तो भूतकाळात सांगतो. ज्या उपायाने घटले तो उपाय मात्र संपलेला नाही, हे त्याचे क्रियापदच सांगते. बॅंटिंगचे वैद्यकज्ञान बेताचे होते, गद्य शब्दबंबाळ आहे, आत्मगौरवाचाही त्यात अभाव नाही. पण ह्या एका बाबतीत त्याचे व्याकरण नंतरच्या शंभर वर्षांतील पुष्कळ तज्ज्ञांच्या व्याकरणापेक्षा प्रामाणिक होते.

गोळी आली आणि रीतिवर्तमान गेला. १९३३ मध्ये अमेरिकेत डायनायट्रोफिनॉल हे द्रव्य स्थूलतेवर वापरले जाऊ लागले. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत त्याचा चयापचयावरील परिणाम लक्षात आलेला होता. ते शरीरातील ऊर्जा साठवू न देता उष्णतेच्या रूपाने उधळून टाकते. लक्षावधीच्या घरात लोकांनी ते घेतले. काहींना मोतीबिंदू झाले, काही शरीर तापून मेले. १९३८ च्या अन्न व औषध कायद्यानंतर त्याचा वापर थांबला. पुढे अँफेटामीन आले. विसाव्या शतकाच्या मध्याला त्याच्याच जोडीला थायरॉइड संप्रेरक, मूत्रल, रेचक, हृदयाच्या गतीवर परिणाम करणारे डिजिटॅलिस अशी द्रव्ये असलेल्या रंगीबेरंगी गोळ्यांच्या पुड्या देणारे दवाखाने अमेरिकेत फोफावले, आणि १९६८ मध्ये तेथील सिनेटच्या समितीला त्याची चौकशी करावी लागली. युरोपात अॅमिनोरेक्स ह्या औषधाने फुप्फुसांतील रक्तदाब वाढून मृत्यू घडल्याचे त्याच दशकात दिसले. हा इतिहास पुष्कळांनी सांगितलेला असल्याने येथे विस्तार नको. ह्या उपचारांच्या भाषेत काळ बदलला, एवढेच नोंदवायचे आहे. ‘इतक्या आठवड्यांत इतके पौंड’ ही मुदतबंद, पूर्ण झालेल्या क्रियेची भाषा आली. क्रिया पूर्ण झाली म्हणजे उपाय थांबणारच.

१९५९ हे वर्ष ह्या दृष्टीने लक्षणीय आहे. फेंटरमीन ह्या गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली ती ह्याच वर्षी, आणि तीही थोड्या आठवड्यांच्या वापरासाठी. त्याच वर्षी अल्बर्ट स्टंकार्ड आणि मेव्हिस मॅक्लॅरेन-ह्यूम ह्यांचा स्थूलतेच्या उपचारांच्या फलितांविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मागील तीस वर्षांच्या वाङ्मयाचा धांडोळा घेऊन, त्याला न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयाच्या आहारचिकित्सालयात आलेल्या शंभर रुग्णांची पाहणी त्यांनी जोडली. शंभरांपैकी बारा जणांचे वीस पौंड वा अधिक वजन घटले, एकाचे चाळीस. आणि दोन वर्षांनंतर घटलेले वजन राखून असलेले दोघेच उरले.

हा निबंध निर्भीड आहे, ह्यात शंका नाही. वैद्यकाने आपले अपयश आकड्यांत मांडावे आणि ते रुग्णाच्या माथी मारू नये, ही त्या काळी सोपी गोष्ट नव्हती. पूर्वीच्या लेखकांनी उपचार अर्धवट सोडून गेलेल्यांना हिशेबातूनच वगळले होते, हे त्यांनी स्पष्ट दाखवले. परंतु वाङ्मयात ह्या निबंधाचे पुढे जे झाले ते कोणत्याही पाठाच्या संक्रमणाचा अभ्यास करणाऱ्याच्या परिचयाचे आहे. एका चिकित्सालयातील, आहाराचा तक्ता हाती देऊन फारशा पाठपुराव्याविना परत पाठवलेल्या शंभर माणसांची ती संख्या हळूहळू आपल्या संदर्भातून सुटली आणि ‘पंच्याण्णव टक्के लोकांचे वजन परत येते’ ही म्हण होऊन बसली. म्हणीला उगम नसतो, त्यामुळे तिला कोणी प्रश्न विचारीत नाही. पुढे १९९४ मध्ये रीना विंग आणि जेम्स हिल ह्यांनी अमेरिकेत तीस पौंड घटवून निदान वर्षभर ते राखणाऱ्यांची एक नोंदवही सुरू केली आणि तिच्यात हजारो नावे जमा झाली. ती नोंदवही यशस्वी झालेल्यांचीच असल्यामुळे शंभरांत असे किती, हे तिच्यावरून कळत नाही. मात्र ही माणसे काय करतात हे कळते, आणि त्याची क्रियापदे पुन्हा बॅंटिंगच्या काळातली आहेत : चालतात, वजन करून पाहतात, न्याहारी करतात. दिवसाला सुमारे तासभराचा व्यायाम, रोज.

येथे औषधांच्या नावांविषयी एक विषयांतर क्षम्य ठरावे. १९९२ मध्ये मायकेल वाइन्ट्रॉब ह्यांनी फेनफ्लुरामीन आणि फेंटरमीन ही दोन औषधे एकत्र देऊन १२१ जणांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. चौतीस आठवड्यांच्या अखेरीस औषध घेणाऱ्यांचे सरासरी चौदा किलो वजन घटले होते, आणि बाजाराने ऐकला तो हाच आकडा. चाचणी पुढे सुमारे चार वर्षे चालली होती, तिच्या शीर्षकातच ‘दीर्घकालीन’ हा शब्द होता आणि औषध थांबल्यावर वजन परत येत असल्याचे तिनेच नोंदवले होते. तो भाग कोणी ऐकला नाही. ‘फेन-फेन’ ह्या लाडक्या द्विरुक्त नावाने ती जोडी घरोघर गेली. एप्रिल १९९६ मध्ये डेक्सफेनफ्लुरामीन ह्या तिच्या भावंडाला मान्यता मिळाली. त्याचे व्यापारी नाव ‘रिडक्स’. इंग्रजी कानाला त्यात ‘रिड्यूस’, म्हणजे घटवणे, ऐकू येते, आणि तेच अभिप्रेत होते, असे मानावयास हरकत नाही. परंतु ‘रेडुक्स’ हे जुने लॅटिन विशेषण आहे आणि त्याचा अर्थ ‘परत आणलेला’, ‘परतून आलेला’ असा होतो. प्रवासातून सुखरूप परत आणणाऱ्या भाग्यदेवतेला रोमन लोक हेच विशेषण लावीत. वजनाच्या औषधाला ‘पुनरागत’ असे नाव देणाऱ्यांना लॅटिन येत नसावे, किंवा फारच चांगले येत असावे. सप्टेंबर १९९७ मध्ये हृदयाच्या झडपांवरील दुष्परिणामांमुळे फेनफ्लुरामीन आणि रिडक्स ही दोन्ही बाजारातून काढून घेण्यात आली.

त्यानंतरची यादी लांबवण्यात अर्थ नाही. रिमोनाबंट युरोपात २००६ मध्ये आले आणि मानसिक दुष्परिणामांमुळे २००८ मध्ये थांबवले गेले. सिब्युट्रामीन हृदयविकार व पक्षाघात ह्यांच्या वाढलेल्या धोक्यामुळे २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून गेले. लॉर्केसेरिन २०१२ ते २०२० एवढेच जगले. १९९९ मध्ये मान्यता मिळालेले ऑर्लिस्टॅट टिकून आहे. ते आतड्यातील मेदपाचक द्रव्याला अडवून आहारातील सुमारे तीस टक्के स्निग्धांश न शोषताच बाहेर जाऊ देते. चार वर्षे चाललेल्या एका मोठ्या चाचणीत त्याने ५.८ किलो घट दिली, औषधाभासाने ३ किलो. आकडा लहान आहे, पण चार वर्षांनंतरचा आहे. ह्या वाङ्मयात असे विधान दुर्मीळ असल्याने त्याची नोंद आदराने घ्यावयास हवी.

आता अलीकडच्या अहवालांकडे. आतड्यात तयार होणाऱ्या जीएलपी-१ ह्या संप्रेरकाची नक्कल करणारी सेमाग्लुटाइड आणि तिच्यासारखी औषधे भूक मंदावतात आणि जठर सावकाश रिकामे होऊ देतात. प्रारंभी ती आठवड्यातून एकदा टोचून घ्यावयाची होती. डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत वजनासाठी सेमाग्लुटाइडच्या रोजच्या गोळीलाही मान्यता मिळाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मोठ्या चाचणीत १९६१ व्यक्ती होत्या. ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी घटले, औषधाभास घेणाऱ्यांचे २.४ टक्क्यांनी. ह्यापूर्वीच्या कोणत्याही गोळीच्या तुलनेत हे यश फार मोठे आहे, आणि समीक्षेच्या नादात ते नाकारणे अन्यायाचे होईल.

प्रश्न आहे तो पुढच्या अहवालांचा. ह्या चाचण्यांच्या शीर्षकांत ‘मेंटेनन्स’ हा शब्द येतो, म्हणजे घटलेल्या वजनाचे राखणे. २०२१ च्या चाचणीत ८०३ जणांनी वीस आठवडे सेमाग्लुटाइड घेऊन १०.६ टक्के वजन घटवले. मग त्यांचे दोन गट पाडण्यात आले. औषध चालू राहिलेल्यांचे पुढील ४८ आठवड्यांत आणखी ७.९ टक्के घटले. ज्यांना नकळत औषधाभास दिला गेला त्यांचे ६.९ टक्के वाढले. टर्झेपेटाइड ह्या औषधाच्या अशाच चाचणीत ३६ आठवड्यांत २०.९ टक्के घट झाल्यानंतर, चालू ठेवणाऱ्यांचे आणखी ५.५ टक्के घटले आणि थांबवलेल्यांचे १४ टक्के वाढले. शब्दार्थाच्या दृष्टीने पाहता ह्या दोन्ही चाचण्यांत, सरासरीच्या हिशेबाने, वजन ‘राखले’ असे एकाही गटाबद्दल म्हणता येत नाही. एक गट अजून खाली जात होता, दुसरा वर. शीर्षकातील संज्ञेने ज्या स्थितीचे नाव घेतले ती चाचणीत कोठेही घडलेली नाही. चाचणीने दाखवले ते निराळेच आणि अधिक महत्त्वाचे आहे : औषधाचा परिणाम औषध असेपर्यंत असतो. ते सांगावयास ‘मेंटेनन्स’ ह्या भारदस्त नामाची गरज नव्हती, एक साधे उपवाक्य पुरले असते. स्थिरतेचा खरा पुरावा हवा असेल तर तो २०२४ मधील एका विश्लेषणात सापडतो. हृदयविकार असलेल्या सतरा हजारांहून अधिक व्यक्तींच्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन चार वर्षांच्या अखेरीसही सुमारे १०.२ टक्क्यांनी खाली होते.

२०२२ मध्ये पहिल्या चाचणीतील ३२७ व्यक्तींचा औषध थांबवल्यानंतरचा वर्षभराचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. ६८ आठवड्यांत त्यांचे १७.३ टक्के वजन घटले होते. वर्षभरात त्याचा दोन-तृतीयांश भाग परत आला. हे इंग्रजीत सांगताना कर्ता कोण असतो ते पाहण्यासारखे आहे. घट सांगताना औषध कर्ता किंवा निदान करण असते. वाढ सांगताना सहभागी व्यक्ती कर्त्याच्या जागी येतात आणि वजन त्यांचे कर्म होते. ज्यांच्या हातून औषध काढून घेतले गेले त्यांनीच जणू वजन परत मिळवले. लेखकांचा हेतू दोषारोपाचा मुळीच नाही. उलट स्थूलता हा दीर्घकाळचा विकार असून उपचार चालू राहावयास हवा, असाच त्यांचा निष्कर्ष आहे. (ही चाचणी औषध बनवणाऱ्या नोव्हो नॉर्डिस्क कंपनीच्या पैशांवर झालेली असल्यामुळे तो निष्कर्ष कंपनीच्याही सोयीचा आहे, सोयीचा असल्यामुळे तो खोटा ठरत नाही, पण त्याची स्वतंत्र तपासणी मात्र अधिक आवश्यक ठरते.) दोष इंग्रजीच्या वाक्यरचनेत मुरलेला आहे.

मराठीची रचना येथे अधिक न्यायी आहे, ही समाधानाची गोष्ट म्हणावी लागेल. ‘त्यांचे वजन परत वाढले’ : वजन कर्ता, क्रियापद अकर्मक, व्यक्ती केवळ षष्ठीत. पण हा न्यायही बोलण्यात पुष्कळदा टिकत नाही. ‘सगळे उतरवले आणि पुन्हा वाढवून बसली’ असे सहज म्हटले जाते. ‘-ऊन बसणे’ हे संयुक्त क्रियापद कर्त्याच्या हातून घडलेल्या, पश्चात्तापाला योग्य अशा कृतीसाठी मराठी वापरते : भांडण करून बसला, पैसे गमावून बसला. अकर्मक ‘वाढणे’चे प्रयोजक ‘वाढवणे’ करायचे आणि त्याला ‘बसणे’ जोडायचे, एवढ्या दोन पावलांत संप्रेरकांची सर्व हकीकत पुसली जाते आणि एक बेशिस्त बाई उरते. बाईच बहुधा. रक्तदाबाची गोळी बंद झाल्याने ज्याचा दाब वाढला त्याच्याविषयी ‘दाब वाढवून बसला’ असे सहसा कोणी म्हणत नाही. ‘गोळी चुकली’ म्हणतात.

ह्याच तुलनेतून आणखी एक भेद स्पष्ट होतो. मराठीत ‘त्यांना प्रेशरची गोळी चालू आहे’ हा अगदी घरगुती प्रयोग आहे. ‘चालू असणे’ हे अखंड, मुदत नसलेल्या उपचाराचे क्रियापद. वजनाच्या गोळीविषयी मात्र ‘घेऊन पाहिली’ असे म्हणतात. ‘पाहणे’ हे साहाय्यक क्रियापद प्रयोगाचे, अजमावण्याचे. त्यात थांबणे गृहीतच आहे. ‘पथ्य’ ह्या शब्दाचीही तीच गत. पथ्य औषधासोबत धरायचे आणि औषध संपले की ते सुटते. जो उपाय सोडावयाचा नाही त्याला मुदतीच्या उपायाची क्रियापदे लावल्याने रुग्णाची फसगत औषधाच्या पहिल्या मात्रेपूर्वीच झालेली असते. लोकप्रिय मराठी वाङ्मयही ह्या बाबतीत मदत करीत नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षित ह्यांच्या बहुखपी पुस्तकाच्या नावातील पहिला शब्द ‘विनासायास’ हा आहे आणि दुसरा ‘वेटलॉस’. ती आहारपद्धती गुणाची की कसे, हा वैद्यकाचा प्रश्न. पण आयासच नाही असे सांगणारे विशेषण आणि घटनेवर थांबणारे नाम ह्यांची जोडी वाचकाच्या मनात जी अपेक्षा निर्माण करते, ती त्या पद्धतीला स्वतःलाही पेलणारी नाही. कारण ती पद्धतीही आयुष्यभराच्या सवयीचीच मागणी करते.

प्राचीन ग्रंथांत डोकावले तर एक लक्षणीय शब्द हाती लागतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात आठ ‘निंदित’ शरीरे सांगितली असून त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश ह्या दोहोंचा विशेष विचार केला आहे. स्थौल्याच्या कारणांत आहार, दिवसाची झोप, व्यायामाचा अभाव ह्यांच्याबरोबर ‘बीजस्वभाव’ हेही कारण दिलेले आहे. आणि ह्या दोन्ही प्रकारची माणसे सतत व्याधिग्रस्त असल्यामुळे त्यांच्यावर उपचारही सतत करावा लागतो, असे तेथे म्हटले आहे. ‘सतत’ हा शब्द त्या विधानात दोनदा येतो. ह्यावरून चरकाला लेप्टिन ठाऊक होते असा उत्साही निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. ‘निंदित’ हा शब्दही त्याच अध्यायाचा आहे, हे विसरून चालणार नाही. तथापि एका निरीक्षकाने उपचाराला कालमर्यादा घातली नाही आणि ती न घालण्यासाठी योग्य ते क्रियाविशेषण वापरले, एवढे श्रेय त्याला द्यावयास हवे.

‘मेंटेनन्स’ला मराठी प्रतिशब्द म्हणून सामान्यतः ‘टिकवणे’ योजतात : ‘घटलेले वजन कसे टिकवावे’. हा पर्याय सदोष आहे. ‘टिकणे’ हा वस्तूचा अंगचा गुण आहे. लोणचे टिकते, सागवान टिकते. ‘टिकवणे’ म्हणजे एकदा मीठ-तेल नीट घालून तो गुण वस्तूत आणणे. नंतर बरणी कपाटात ठेवून विसरता येते. घटलेल्या वजनात असा कोणताही गुण नसतो. ‘राखणे’ ह्या क्रियापदाची घडण वेगळी आहे. शेत राखतात, कुरण राखतात, मर्जी राखतात. राखणीला राखणारा लागतो, समोर सतत काही तरी येऊ पाहत असते, आणि राखणदार माळ्यावरून उतरला की पाखरे येतात ह्यात शेताचा दोष नसतो. राखणदार माणूसच असावा असेही नाही. औषधही राखण करू शकते. वरील सर्व चाचण्यांनी दाखवले ते हेच.

ह्यावर असा आक्षेप संभवतो की जन्मभराची राखण हा शब्द ऐकून रुग्ण उपचारालाच येणार नाही. आक्षेप खरा आहे. औषधांची किंमत, मळमळीसारखे त्रास, चरबीबरोबर काही अंशी स्नायूंचेही घटणे ह्या गोष्टी पाहता तो अधिकच खरा ठरतो. शिवाय राखायचे ते नेमके काय, हाही प्रश्न उरतोच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन ह्यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचे छायाचित्र छापले होते. दोघांचाही देहभार-निर्देशांक तंतोतंत २२.३, परंतु युडकिन ह्यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय शरीराविषयी बोलताना तराजूवरून आलेला ‘वजन’ हा शब्दच कित्येकदा अपुरा पडतो, हे त्या एका छायाचित्राने सांगितले.

तरीही सत्य सांगितल्यावर रुग्ण येणार नाही ह्या भीतीने शब्द मऊ करणे, हाच ह्या गद्याचा जुना दोष आहे. भारतात टर्झेपेटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये उपलब्ध झाले. त्यांच्याविषयी मराठीत माहितीपत्रके, संमतिपत्रे आणि वृत्तपत्रीय लेख ह्यापुढे मोठ्या प्रमाणावर लिहिले जातील, आणि त्यांतील बहुतेक मजकूर इंग्रजीवरून उतरवला जाईल. भाषांतरकारापुढे त्या वेळी नेमका निवाडा करावयाचा आहे तो एका वाक्याचा : औषध थांबवल्यावर काय होते. ‘रुग्णांनी वजन पुन्हा वाढवले’, ‘रुग्णांचे वजन पुन्हा वाढले’ आणि ‘औषध चालू असेपर्यंत वजन राखले जाते’ ही तीन वाक्ये एकाच तक्त्यावरून लिहिता येतात. तक्त्यातील आकड्यांना तिसरे सर्वांत जवळचे आहे.